मांजराच्या हृदयासाठी वर्गणी

गोरेगावच्या एखाद्या सोसायटीत रात्री दोनच्या सुमारास चार वर्षांचा पर्शियन बोका अचानक किंचाळतो. घरचे दिवा लावून पाहतात, तर तो मागचे दोन्ही पाय फरफटत पुढे सरकायचा प्रयत्न करत असतो. पाय गार पडलेले असतात आणि तोंड उघडे ठेवून तो धापा टाकत असतो. संध्याकाळी हाच बोका पडद्याला लोंबकळत होता. खिडकीतून पडला का, काही चावले का, पाल खाल्ली का, असे तर्क सुरू होतात. टोपलीत घालून त्याला रिक्षातून दवाखान्यात नेले जाते. तिथे डॉक्टर सांगतात की दुखणे पायांचे नाही, हृदयाचे आहे.

मांजरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना हा प्रसंग चांगला ओळखीचा आहे. त्यानंतरचे दोन-तीन दिवसही ठरल्यासारखे जातात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर बोक्याचा फोटो, दवाखान्याचे बिल आणि पैसे पाठवण्याचा क्यूआर कोड फिरू लागतो. ओळखीचे देतात, अनोळखी माणसेही देतात. रक्कम जमते, ऑक्सिजन लावला जातो, इंजेक्शने दिली जातात. पुष्कळदा बोका वाचत नाही. पैसे संपतात, गटावर शोकसंदेश येतात आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मांजराचा फोटो येतो. हे का झाले, त्याच्या भावंडांना होईल का, आधी कळले असते का, हे प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहतात.

मुक्या जनावरासाठी पैसे देणारे हात मुंबईत कमी नाहीत. पण ते पैसे जवळपास सगळे शेवटच्या रात्रीच्या उपचारावर खर्च होतात. त्यातला लहानसा हिस्सा नियमितपणे मांजरांच्या आनुवंशिक हृदयविकाराच्या संशोधनाकडे वळवला पाहिजे. त्यासाठी लागणारी माणसे आणि संस्था याच शहरात आहेत. हा खर्च चैनीचा वाटेल, पण नीट पाहिले तर त्याचा धागा माणसांच्या हृदयापर्यंत जातो.

आधी आजार समजून घेऊ. त्याचे नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. यात हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. निरोगी मांजरात ती साधारण पाच मिलिमीटरच्या आत असते. सहा मिलिमीटर किंवा त्याहून जाड झाली आणि त्याला रक्तदाब किंवा थायरॉइडसारखे दुसरे कारण सापडले नाही, तर हा आजार मानला जातो. जाड भिंत नीट सैल होत नाही. कप्प्यात रक्त पुरेसे भरत नाही, मागे तुंबते आणि फुप्फुसांत किंवा छातीत पाणी साठते. डावा वरचा कप्पा फुगतो, त्यात रक्त संथ होऊन गुठळी तयार होते. ती सुटून महाधमनीतून खाली जाते आणि मागच्या पायांकडे जाणाऱ्या फाट्यावर अडकते. गोरेगावच्या त्या बोक्याचे पाय गार पडले ते यामुळे.

हा आजार दुर्मीळ नाही. ब्रिटनमध्ये निवाऱ्यांतील वरकरणी निरोगी दिसणाऱ्या ७८० मांजरांची टू-डी इको तपासणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे १५ टक्के मांजरांमध्ये हा आजार आढळला. म्हणजे साधारण सातात एक. बोक्यांमध्ये आणि वय वाढलेल्या मांजरांमध्ये प्रमाण अधिक होते. यातली अनेक मांजरे कोणताही त्रास न होता आयुष्य काढतात. काहींच्या बाबतीत पहिले लक्षणच शेवटचे ठरते. कोणते मांजर कोणत्या वाटेने जाईल हे आज खात्रीने सांगता येत नाही आणि संशोधनाची खरी गरज तिथेच आहे.

या विषयात आतापर्यंत जे कळले त्यामागे सामान्य मांजरपालकांच्या वर्गणीचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत शिकागोचे पत्रकार स्टीव्ह डेल यांच्याकडे रिकी नावाचा डेव्हन रेक्स जातीचा बोका होता. खेळण्यातला पियानो वाजवणारा म्हणून तो लोकांना माहीत होता. २००२ मध्ये तो याच आजाराने गेला. डेल यांनी त्याच्या नावाने निधी उभा केला, तो मांजरांच्या आरोग्यावरील संशोधनाला पैसे देणाऱ्या विन फेलाइन फाउंडेशनमार्फत. १९६८ मध्ये अमेरिकेतील मांजरप्रेमींच्या संघटनेने स्थापन केलेली ही संस्था आता एव्हरीकॅट हेल्थ फाउंडेशन या नावाने ओळखली जाते. अशा पैशांचा आधार मिळालेल्या संशोधकांमध्ये डॉ. कॅथरिन म्यूर्स होत्या. त्यांच्या गटाने २००५ मध्ये मेन कून जातीच्या मांजरांत या आजाराशी जोडलेला जनुकीय बदल शोधला. कोणत्याही मांजरात सापडलेला या आजाराचा तो पहिला जनुकीय धागा. २००७ मध्ये रॅगडॉल जातीत त्याच जनुकातला दुसरा बदल मिळाला.

त्याचा उपयोग लगेच झाला. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावर आता ही चाचणी होते. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या मांजराला धोका फार मोठा असतो. पैदास करणाऱ्याने अशी मांजरे जोडीला लावली नाहीत, तर पुढच्या पिढीतला आजार कमी होतो. एका बोक्याच्या मृत्यूनंतर जमलेल्या पैशाने हजारो न जन्मलेल्या पिल्लांचे भले केले. शेवटच्या रात्रीच्या वर्गणीला हे कधी जमणार नाही.

मग मुंबईने वेगळे काय करायचे? तिकडची चाचणी इकडे मागवली की झाले, असे वाटू शकते. अडचण अशी की ही चाचणी त्या त्या जातीपुरतीच बोलते. मुंबईत विकल्या जाणाऱ्या पिल्लांमध्ये पर्शियन मांजरांचा भरणा मोठा आहे. पर्शियन मांजरांना हा आजार होतो हे पशुवैद्यांना पक्के माहीत आहे, पण त्यांच्यासाठी मेन कूनसारखी भरवशाची जनुकीय चाचणी नाही. उरली आपली साधी, चाळीत आणि मासळी बाजारात वाढलेली गावठी मांजरे. त्यांच्यात हा आजार किती, कोणत्या वयात येतो, कोणत्या जनुकामुळे येतो, हे परदेशातल्या मांजरांवरून ठरवता येत नाही. इथल्या मांजरांची उत्तरे इथल्याच मांजरांच्या रक्तातून मिळवावी लागतील आणि ते काम दुसरे कोणी येऊन करणार नाही.

कायद्यानेही मांजराला मागे ठेवले आहे. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये स्वतंत्र नियम केले, पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये केले. मांजरांच्या पैदाशीसाठी कुत्र्यांसारखे स्वतंत्र नियम नाहीत. त्यामुळे आजाराने गेलेल्या बोक्याची पिल्ले विकणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. तो विचारायचा तरी कशाच्या आधारावर? चाचणी नाही, नोंद नाही. नियम करण्यासाठीही आधी माहिती लागते.

हे काम उभे राहू शकेल अशी जागा मुंबईला परकी नाही. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. त्याच आवारातले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्याच दशकातले. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून ते उभे राहिले आणि त्यांच्या पत्नीचे नाव त्याला मिळाले. घोडे आणि बैल ट्राम-गाड्या ओढत होते त्या काळी जनावरांच्या दवाखान्यासाठी एवढा पैसा कशाला, असे म्हणणारे तेव्हाही असतीलच. आज त्या महाविद्यालयाचा एक परिसर गोरेगावच्या आरे वसाहतीत आहे, १९४९ मध्ये शहराच्या दुधासाठी वसवलेल्या त्याच वसाहतीत. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालय सुरू झाले. उपनगरांत टू-डी इको करणारे खासगी पशुवैद्य आहेत. दाखवायला येणारी मांजरे तर रोजची आहेत. नाही ती फक्त या सगळ्यांना जोडणारी वही आणि ती वही चालवायला लागणारा पैसा.

वही हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. पहिल्या टप्प्यात कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही. मुंबई आणि ठाण्यातील तपासलेल्या मांजरांची एक सामायिक नोंद हवी: जात, वय, नर की मादी, भिंतीची जाडी, आई-बाप कुठले आणि शेवटी काय झाले. पालकांच्या संमतीने एक-दोन मिलिलिटर रक्त घेऊन त्यातला डीएनए गोठवून ठेवायचा. आणि मांजर गेल्यावर शवविच्छेदन. हा शेवटचा भाग सर्वांत अवघड आहे. घरातल्या लाडक्या जिवाची चिरफाड कोणाला नको असते. शेजारच्या मालाडमध्ये महापालिकेने लहान प्राण्यांच्या दहनाची सोय केली आहे. बहुतेक जण शांतपणे निरोप देऊन घरी जातात आणि ते योग्यच आहे. पण त्यातल्या काही जणांनी आधी हृदय तपासू दिले, तर त्या मांजराचा मृत्यू वाया जाणार नाही. रक्तदान आणि नेत्रदान समजावून सांगितल्यावर लोकांनी स्वीकारले, हेही स्वीकारतील.

आता सर्वांत मोठा आक्षेप. केईएमच्या व्हरांड्यात माणसे चटईवर झोपलेली असताना मांजराच्या हृदयासाठी पैसे मागणे शोभते का? हा प्रश्न रागाने झटकण्यासारखा नाही. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम एकाच भागात आहेत, त्यामुळे तो तिथे तर डोळ्यांसमोरच उभा असतो.

त्याचे एक उत्तर जनुकात आहे. मेन कून आणि रॅगडॉल मांजरांत जो जनुक बिघडलेला सापडला, त्याला वैज्ञानिक ‘एमवायबीपीसी ३’ म्हणतात. हृदयाच्या स्नायूच्या आकुंचनाला लगाम घालणारे एक प्रथिन तो तयार करतो. माणसांतही हाच जनुक बिघडला की हाच आजार होतो. जगात साधारण ५०० माणसांमागे एकाला तो असतो आणि धडधाकट तरुण खेळाडू मैदानावर कोसळतो त्यामागे कधी कधी तोच असतो. २००९ मध्ये हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी या संस्थेतील डॉ. के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांमध्ये याच जनुकातली २५ अक्षरे गळालेली आहेत. म्हणजे दर पंचवीस माणसांमागे एक. चर्चगेटहून सुटलेल्या गोरेगाव लोकलच्या एका डब्यात असे किती जण असतील याचा हिशेब प्रत्येकाने करावा. या सगळ्यांना आजार होतोच असे नाही. अनेक जण निरोगी राहतात, काहींना उतारवयात त्रास सुरू होतो. असे का, हे पुरते उलगडलेले नाही.

मांजरांतही प्रश्न हुबेहूब तोच आहे. बिघडलेला जनुक असूनही एक मांजर पंधरा वर्षे जगते, दुसरे तिसऱ्या वर्षी जाते. उंदराला हा आजार प्रयोगशाळेत घडवावा लागतो. मांजराला तो माणसासारखाच आपसूक होतो, तेच घर, तीच हवा, तोच सोफा वाटून घेत असताना. शिवाय मांजराचे आयुष्य लहान, त्यामुळे माणसात चाळीस वर्षांत दिसणारी वाटचाल इथे पाच-सात वर्षांत दिसते.

याचा फायदा माणसांना झाल्याचे उदाहरणही आहे. हृदयाच्या अतिरेकी आकुंचनाला आवर घालणारे मावाकॅम्टेन हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी मंजूर झाले. त्याआधी २०१६ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ते हा आजार असलेल्या मांजरांना देऊन पाहिले होते आणि हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा अडथळा कमी झाल्याचे दाखवले होते. देवाणघेवाण उलट दिशेनेही चालते. मूळ पंजाबचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांनी १९७० च्या दशकात कॅनडात, ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूपासून रॅपामायसिन वेगळे केले. कंपनीने प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी ते घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले. पुढे ते मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांचे औषध झाले. २०२३ मध्ये ४३ मांजरांवरच्या चाचणीत आठवड्यातून एकदा दिलेल्या त्याच्या कमी मात्रेने हृदयाची भिंत जाड होणे रोखल्याची चिन्हे दिसली. २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मांजरांसाठी त्याला सशर्त मंजुरी दिली. सशर्त एवढ्यासाठी की पूर्ण परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे.

तरीही आक्षेपाचे सगळे वजन या उत्तराने उतरत नाही, हे मान्य करायला हवे. सरकारी आरोग्याच्या तिजोरीतला एक रुपयाही मांजरांच्या हृदयाकडे वळू नये. इथे प्रश्न त्या पैशांचा नाहीच. मांजरपालक आजच जे पैसे परदेशी खाद्यावर, केस कापण्यावर, वाढदिवसाच्या केकवर आणि शेवटच्या रात्रीच्या दवाखान्यावर खर्च करत आहेत, त्यातल्या चिमूटभराचा हा प्रश्न आहे. गोरेगावातला एखादा मांजरपालक महिन्याला शंभर रुपये देऊ लागला म्हणून कोणत्याही माणसाच्या तोंडचा घास जात नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या यादीत प्राणिकल्याणाला कायद्यानेच जागा दिलेली आहे. खाद्य आणि औषधे विकून नफा कमावणाऱ्यांनी ती वापरावी, ही अपेक्षा रास्त आहे.

देणाऱ्यांनी मात्र डोळे उघडे ठेवून द्यावे. भावनेवर जमलेला पैसा भावनेतच विरतो, याचा अनुभव गणपतीच्या वर्गणीपासून सगळ्यांना आहे. म्हणून अशा निधीला काही अटी हव्यात. पैसे व्यक्तीच्या खात्यात नकोत. विद्यापीठाच्या किंवा नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या खात्यात हवेत. दरवर्षी जमाखर्च आणि किती मांजरे तपासली याचा आकडा जाहीर व्हावा, मराठीतही. प्रकल्प कोणता घ्यायचा हे देणगीदाराने नव्हे, जाणकारांच्या समितीने ठरवावे. आणि एक अट नैतिकतेची: परदेशात या आजाराचे काही संशोधन मुद्दाम पैदास केलेल्या, आजार असलेल्या मांजरांवर झाले आहे. इथल्या निधीने त्या वाटेने जाऊ नये. घरात राहणारी, उपचारासाठी आलेली मांजरे, पालकांची लेखी संमती आणि मांजराला इको किंवा रक्त तपासणीपलीकडे त्रास नाही, अशी मर्यादा आधीच लिहून ठेवावी. मांजरावरच्या प्रेमापोटी जमलेला पैसा मांजराला पिंजऱ्यात घालण्यासाठी वापरला जाऊ नये.

संशोधनाचे फळ हाती यायला वर्षे लागतात. तोवर घरोघरी करण्यासारखे काही आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मांजर गाढ झोपलेले असताना त्याची छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजावे. तीसच्या वर आकडा वारंवार येऊ लागला तर डॉक्टरांना दाखवावे. मांजर कुत्र्यासारखे तोंड उघडून धापत असेल तर ते उन्हामुळे आहे असे समजून थांबू नये. निर्बीजीकरणाची किंवा दुसरी भूल देण्याआधी हृदयाची तपासणी हवी का, हे विचारावे. सलाइन आणि स्टेरॉइडने दडलेला हृदयविकार कधी कधी उफाळून येतो. मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडले तर मालिश करत बसू नये, तत्काळ दवाखाना गाठावा. एकदा गुठळी होऊन वाचलेल्या मांजरांना क्लोपिडोग्रेल दिल्यास ती अ‍ॅस्पिरिनपेक्षा जास्त काळ गुठळीविना राहतात, हे २०१५ च्या एका चाचणीत दिसले आहे. ते माणसांचेच औषध, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते. पण मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची. पर्शियन पिल्लू घेताना त्याच्या आई-बापांचा इको झाला आहे का, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारावा. शंभरातल्या दहा जणांनी जरी तो विचारला, तरी विकणाऱ्यांना उत्तर शोधावे लागेल.

आणि जे आज रात्री कुठल्यातरी बोक्यासाठी क्यूआर कोड पाठवत आहेत, त्यांनी तो जरूर पाठवावा. समोर तडफडणाऱ्या जिवाला संशोधनाचे कारण सांगून पाठ दाखवता येत नाही. फक्त तो बोका गेल्यावर गटावर फुलांचे चित्र टाकण्याबरोबर आणखी एक काम करावे. उरलेले पैसे परत करण्याऐवजी, सर्वांना विचारून, ते पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे घेऊन जावेत आणि सांगावे की हे या आजाराच्या नोंदवहीसाठी आहेत. अशी वही आज नसेल तर ती सुरू करायला भाग पाडणारे पहिले पैसे तेच असतील.